डागातले चित्र

'पावसाळ्यातला माळशेज घाट, ढग उतरलेले, जलरंगात' असे संगणकावर लिहून कुणी कळ दाबली, की एआय लगेच घाट काढायला घेत नाही. त्याची पहिली पायरी उघडून पाहिली तर तिथे नुसता रंगीत ठिपक्यांचा गोंधळ असतो. जुन्या टीव्हीची अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या यायच्या, तसा. चार-सहा पायऱ्यांनंतर वरचा भाग उजळ आणि खालचा काळसर होऊ लागतो. मग काळसर भागाला उतार येतो, उताराला कडे फुटतात, आणि अगदी शेवटी गवत, दगड, धबधब्याची पांढरी रेघ. वीस-पन्नास पायऱ्यांत काम उरकते. हे यंत्र अगदी अलीकडचे आहे. पण ज्यात काहीही नाही अशा डागाकडे बघत राहायचे आणि त्यातून चित्र बाहेर काढायचे, ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिचा माग काढत आपण आजपर्यंत येऊ.

या युक्तीची एक फार जुनी नोंद रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथात सापडते. ग्रीक चित्रकार प्रोटोजेनिस धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडचा फेस रंगवत होता. फेस काही केल्या मनासारखा उतरेना, दर वेळी तो रंगवलेलाच दिसे. अखेर वैतागून त्याने रंग पुसायचा स्पंज चित्रावर भिरकावला आणि जिथे तो आदळला तिथे हुबेहूब फेस उमटला. प्लिनीला यात दैवाचा हात दिसतो. आपल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. डाग पडल्यावर 'हाच फेस' हे ओळखणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याने पुढे हात लावला नाही. अकराव्या शतकातल्या चीनमध्ये या अपघाताची रीतसर पद्धत झालेली दिसते. शन कुओ या विद्वानाने एक प्रसंग नोंदवला आहे. सुंग दी नावाच्या चित्रकाराने दुसऱ्याला सल्ला दिला, की एखादी पडकी भिंत शोध, तिच्यावर पांढरे रेशीम पसर आणि सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे बघत राहा. भिंतीचे उंचवटे डोंगर होतील, भेगा ओढे होतील, आणि मनात ते पक्के झाले की कुंचला उचल. कोकणात ओल आलेल्या भिंतींच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा सल्ला नवा वाटणार नाही.

पुढे चारशे वर्षांनी लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत जवळपास हेच लिहिले. डाग पडलेल्या भिंतींत निसर्गदृश्ये, लढाया आणि चेहरे शोधावेत, असे तो शिष्यांना सांगतो. ही टिपणे पुस्तकरूपाने १६५१ मध्ये पॅरिसला छापली गेली. मात्र त्याच टिपणांत तो चित्रकार बोत्तिचेल्लीवर टीकाही करतो. रंगाने भिजलेला स्पंज भिंतीवर मारला तरी निसर्गचित्र दिसते, मग त्याचा अभ्यास कशाला करायचा, असे बोत्तिचेल्लीचे म्हणणे होते. लिओनार्दो मान्य करतो, की डाग कल्पना देतो. पण कोणताही तपशील पुरा कसा करायचा हे डाग शिकवत नाही, आणि म्हणूनच या गृहस्थाची निसर्गचित्रे सुमार उतरली, असे तो बजावतो. ही तंबी पाचशे वर्षे जुनी असली, तरी एआयने काढलेले चित्र हाती आल्यावर पुढे काय करायचे या प्रश्नावर यापेक्षा नेमके मार्गदर्शन माझ्या वाचनात नाही.

आता आपण अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये येऊ आणि तिथे जरा जास्त थांबू, कारण या कथेतला सर्वांत विसरला गेलेला पूर्वज तिथला आहे. अलेक्झांडर कोझेन्स हा रशियात जन्मलेला इंग्रज. ईटनच्या शाळेत आणि उमरावांच्या घरी तो चित्रकला शिकवत असे. विद्यार्थी डोळ्यांपुढचे दृश्य नकलू शकतात, पण मनातून नवे निसर्गचित्र रचायला सांगितले की अडतात, हे तो वर्षानुवर्षे पाहत होता. एकदा एका मळक्या कागदावर रेखाटताना त्याच्या ध्यानात आले, की कागदावरचे पुसट डागच आपल्या हाताला वळण लावत आहेत. मग त्याने ते डाग मुद्दाम पाडायला सुरुवात केली. १७८५ च्या सुमारास, मृत्यूच्या थोडे आधी, त्याने ही पद्धत पुस्तकात मांडली. कृती अशी: मनात विषयाची ढोबळ कल्पना धरायची, भिजलेल्या कुंचल्याने झपाट्याने काळ्या शाईचे डाग टाकायचे, हवा तर कागद आधी चुरगळून घ्यायचा. रेषा काढायची नाही, काळोखाचे आणि उजेडाचे पुंजके पाडायचे. असे अनेक कागद झाले की त्यांतला एक निवडायचा, त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा, आणि डागात जे दिसेल ते नेमके करत वरच्या कागदावर चित्र उतरवायचे. डागात जे नाही ते शक्यतो घालायचे नाही.

समकालीनांनी त्याची टर उडवली, शहरातला डागमास्तर म्हणून त्याला हिणवले. चित्रकला म्हणजे हाताची तालीम आणि थोरामोठ्यांचा अभ्यास, असे मानणाऱ्यांना डागातून चित्र काढणे ही आळशांची पळवाट वाटली. पण त्याच पुस्तकात कोझेन्सने आकाशाच्या निरनिराळ्या अवस्थांचे नमुने दिले होते, आणि पुढे कॉन्स्टेबलसारख्या मोठ्या निसर्गचित्रकाराने ते जसेच्या तसे उतरवून घेतले. कोझेन्सने चित्र काढण्याच्या क्रियेचे तीन वेगळे तुकडे पाडले: आधी विषय, मग दैवाचा डाग, मग निवड आणि पूर्तता. आजचे यंत्र याच क्रमाने चालते, म्हणून मी त्याला पूर्वज म्हणतो.

एकोणिसाव्या शतकात डाग जर्मनीत आणि फ्रान्समध्ये फिरला. व्हिक्तोर ह्यूगो शाईचे ओघळ सोडून त्यांत किल्ले आणि वादळे शोधत असे. युस्टिनुस कर्नर हा डॉक्टर कवी कागदाची घडी घालून शाईची भुते काढत असे. आपल्याकडच्या शाळकरी पोरांनीही वहीच्या पानाची घडी घालून तशी फुलपाखरे काढली आहेत. १९२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या हर्मान रोर्शाखने असल्याच दहा पत्त्यांची चाचणी केली आणि प्रश्न उलटा केला. डागात काय आहे हे विचारायचे सोडून, पाहणाऱ्याच्या मनात काय आहे ते तो विचारू लागला.

याच सुमारास डाग भारतात एका मोठ्या माणसाच्या हाती आला. रवींद्रनाथ ठाकूर १९२४ च्या आसपास 'पूरबी'च्या कविता लिहीत होते. कवितेतल्या ओळी ते खोडत, पुन्हा लिहीत, पुन्हा खोडत. त्या खोडलेल्या जागा पानभर सुट्या पडलेल्या त्यांना बघवेनात, म्हणून ते खाडाखोडीचे तुकडे एकमेकांना रेषेने जोडू लागले. जोडता जोडता चोच आली, मान आली, कधी पाहिले नाही असे जनावर आले. साठी उलटलेल्या, चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या कवीचा हा चित्रकार म्हणून जन्म. मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. खाडाखोड म्हणजे लेखनातला केर, टाकून द्यायचा भाग. त्यातून आकार निघाला, कारण आयुष्यभर पाहिलेले, वाचलेले, गायलेले सारे त्या डोळ्यांमागे उभे होते. मराठी मुलखाशी थेट नाते असलेले उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचे. १९२४ मध्ये नागपूरला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी. त्यांच्या उत्तरकाळातल्या कॅनव्हासांवर कुंचल्यापेक्षा रोलर आणि सुरी यांचे काम जास्त आहे. कागदाचे फाडलेले तुकडे रंगावर दाबून ते उचलून घेत. कागदाखाली रंग कसा सरकेल हे पूर्णपणे हातात नसे, पण पुढचा थर द्यायचा की थांबायचे हा निर्णय त्यांचा, आणि त्यासाठी ते दिवसेंदिवस कॅनव्हाससमोर बसत.

इथपर्यंत डाग शाईचा किंवा रंगाचा होता. तो आकड्यांचा झाला १९६०च्या दशकात. १९६५ हे वर्ष त्यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. फेब्रुवारीत जर्मनीतल्या स्टुटगार्टला गिओर्ग नीसने संगणकाने काढलेली चित्रे मांडली, तेव्हा जमलेले चित्रकार चिडले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत बेल प्रयोगशाळेच्या मायकेल नोल आणि बेला युलेस यांचे प्रदर्शन झाले. नोलने शंभर बिंदू घेतले, त्यांची आडवी जागा यादृच्छिक आकड्यांवर सोपवली, उभी जागा एका साध्या सूत्रावर, आणि ते नव्व्याण्णव रेषांनी जोडले. दुसऱ्या एका प्रयोगात त्याने चित्रकार मोंद्रियानच्या १९१७ मधल्या रेषाचित्राची संगणकी आवृत्ती केली आणि दोन्ही चित्रे शंभर जणांना दाखवली. यंत्राचे कोणते हे फक्त अठ्ठावीस जणांनी बरोबर ओळखले, आणि एकोणसाठ जणांना यंत्राचेच जास्त आवडले.

नोलची दुसरी हकीकत मात्र मला जास्त मोलाची वाटते. नव्व्याण्णव रेषांच्या त्या चित्राची कॉपीराइट नोंदणी करायला त्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे अर्ज धाडला. उत्तर आले: चित्र यंत्राने काढले आहे, नोंदणी होणार नाही. नोलने कळवले, की यंत्राला सूचना देणारा प्रोग्राम माणसाने लिहिला आहे. पुन्हा नकार, आता कारण यादृच्छिकतेचे. तेव्हा त्याने समजावले, की हे आकडे दिसायला विस्कळीत असले तरी गणिताने नेमके काढलेले असतात, त्यांत दैव काहीच नाही. नोंदणी झाली. आजच्या प्रत्येक वादाचा कच्चा खर्डा या पत्रव्यवहारात आहे. आजच्या यंत्रातल्या मुंग्याही तशाच नेमक्या असतात. ज्या आकड्यापासून त्या निघतात, तो आकडा आणि शब्द तेच ठेवले, तर त्याच यंत्रावर तेच चित्र पुन्हा मिळते.

बुडापेस्टमध्ये जन्मून पॅरिसमध्ये स्थिरावलेली व्हेरा मोलनार १९६८ पासून चौकोनांच्या शिस्तीत मोजून एखादा टक्का बेशिस्त मिसळत राहिली. हॅरल्ड कोहेन या चित्रकाराने सत्तरच्या दशकात 'आरोन' नावाचा संगणक प्रोग्राम रचायला घेतला आणि २०१६ मध्ये जग सोडेपर्यंत त्याचा हात सोडला नाही. त्यांच्या यंत्रांत एक मोठी उणीव होती: त्यांनी एकही चित्र पाहिलेले नव्हते. आरोन झाड काढायचा ते कोहेनने सांगितलेल्या नियमांनी. डाग यंत्राकडे होता, नियम होता, भिंतीकडे बघणारा डोळा मात्र माणसाचाच होता.

तो डोळा यंत्राला मिळाला, इथे आपल्या कथेचे सर्वांत मोठे वळण येते. २००९ मध्ये फेइ-फेइ ली आणि सहकाऱ्यांनी 'इमेजनेट' हा छायाचित्रांचा संग्रह जाहीर केला. पुढे तो १ कोटी ४० लाखांवर गेला. यात कुत्रा, यात किटली, यात होडी, अशी खूण प्रत्येक चित्राला लावण्याचे काम जगभरातल्या हजारो अनाम लोकांनी तुटपुंज्या मोबदल्यावर केले. या खुणांवर शिकून यंत्रे चित्रातली वस्तू ओळखू लागली. मग मे २०१५ मधल्या एका रात्री गूगलचा अलेक्झांडर मोर्द्विन्त्सेव याने ओळखणारे यंत्र उलटे चालवून पाहिले. चित्रात तुला किंचित जे भासते ते थोडे गडद कर, मग पुन्हा बघ, पुन्हा गडद कर. ढगाच्या चित्रातून कुत्र्यांची थोबाडे आणि डोळे फुटू लागले. कुत्रेच का? कारण शिकवताना वापरलेल्या हजार प्रकारांत शंभरावर जाती कुत्र्यांच्या होत्या. लिओनार्दोने शिष्यांना सांगितलेली कसरत यंत्राने केली, आणि रोर्शाखच्या प्रश्नाचे उत्तरही दिले: ज्याने जे पाहिले, तेच त्याला डागात दिसते.

त्याच वर्षी याशा सोल-डिकस्टीन आणि सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानातून एक कल्पना उचलली. पाण्यात शाईचा थेंब पसरत जाऊन दिसेनासा होतो, तसे चित्रात ठिपके मिसळत जाऊन त्याच्या मुंग्या करायच्या आणि यंत्राला ही वाट उलटी चालायला शिकवायची. २०२० मध्ये जोनाथन हो यांच्या चमूने ती पद्धत चांगली चालवून दाखवली. २०२१ च्या जानेवारीत ओपनएआयने शब्द आणि चित्र यांची सांगड घालणारे 'क्लिप' जाहीर केले. मग २०२२ च्या एप्रिलमध्ये 'डॅल-ई २', जुलैमध्ये 'मिडजर्नी' आणि ऑगस्टमध्ये कुणालाही उतरवून घेता येणारे 'स्टेबल डिफ्युजन' अशी रांग लागली. कोझेन्सचे तीन तुकडे आता यंत्रात एकत्र बसले. विषय शब्दांतून येतो, डाग आकड्यांतून, आणि डागात ते दिसायला लावणारा डोळा लाखो-कोटी चित्रांवर घडलेला असतो.

ही चित्रे कुणाची, हे विचारल्यावाचून आपल्याला पुढे जाता येणार नाही. स्टेबल डिफ्युजन ज्या संग्रहाच्या भागांवर शिकले तो 'लायन' संग्रह २०२२ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्यात ५८५ कोटी चित्रे आणि त्यांची वर्णने होती. वर्णने संकेतस्थळांवर चित्रांमागे लिहिलेली असतात. अंधांना चित्र ऐकता यावे यासाठीही ती लिहिली जातात. शिकून झालेल्या यंत्रात ही चित्रे साठवलेली नसतात, तेवढी जागाच तिथे नाही. तरीही २०२३ मध्ये संशोधकांना त्यातून शंभराच्या आसपास मूळ चित्रे जवळपास जशीच्या तशी काढता आली. याहून बोलका पुरावा छायाचित्रे विकणाऱ्या गेटी इमेजेस कंपनीच्या खटल्यात पुढे आला. यंत्राने काढलेल्या फुटबॉलपटूंच्या चित्रावर गेटीची जलखूण वेडीवाकडी उमटली होती. नमुन्यांत ती इतक्यांदा दिसली, की यंत्राला ती खेळाच्या फोटोचाच भाग वाटली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने गेटीचे बहुतेक दावे फेटाळले, पण या जलखुणेपुरता व्यापारचिन्हाचा मर्यादित भंग मान्य केला.

इथे माझे मत मी स्पष्ट सांगतो. रवींद्रनाथांच्या डोळ्यांमागचा साठा उसना असला तरी एका आयुष्याने कमावलेला होता. यंत्राचा साठा हयात चित्रकारांच्या कामातून, त्यांना न विचारता उभा राहिला. पोलंडचा चित्रकार ग्रेग रुत्कोव्स्की याचे नाव २०२२ मध्ये हजारो लोक आपल्या वर्णनांत लिहीत होते, कारण ते लिहिले की चित्र भारदस्त उतरे. त्याचे नाव शोधले तर त्याची नसलेली चित्रे समोर येऊ लागली. साधन म्हणून मला हे यंत्र गैर वाटत नाही. हिशेब मिटवल्याशिवाय ते वापरणे गैर वाटते.

वापरणाऱ्यांतही फरक आहे, आणि तो कोझेन्सच्या काळापासून चालत आलेला आहे. चार शब्द लिहून जे आले ते छापणारे पुष्कळ आहेत. सणासुदीच्या फ्लेक्सवर सहा बोटांचे मावळे त्यांनीच आणले. दुसऱ्या बाजूला असे चित्रकार आहेत जे स्वतःचे कच्चे रेखाटन किंवा नुसते रंगाचे फराटे यंत्राला देतात. त्यावर किती मुंग्या चढवायच्या हे एका आकड्याने ठरते. थोड्या चढवल्या तर मूळ रचना टिकते, जास्त चढवल्या तर यंत्र स्वैर होते. मग आलेल्या पन्नासांतले एक निवडायचे, त्यातला नको तो कोपरा झाकून तेवढाच पुन्हा काढून घ्यायचा, आणि शेवटी कुंचला किंवा स्टायलस हातात घ्यायचा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले, की नुसत्या शब्दसूचनांवर कर्तेपण सिद्ध होत नाही. पण त्याच महिन्यात त्यांनी केंट कीर्सी यांच्या एका चित्राची नोंदणी केली, ज्यात यंत्राने काढलेले तुकडे एकेका जागी निवडून बसवले होते. संरक्षण मिळाले ते निवडीला आणि मांडणीला.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण व्हायला कारण झालेली व्यक्ती. एआयची चाहूलही नसताना केलेली ही तरतूद आज चर्चेत आहे. अंकित साहनी यांनी स्वतः काढलेले सूर्यास्ताचे छायाचित्र आणि व्हॅन गॉगची तारांकित रात्र 'राघव' नावाच्या एआय प्रोग्रामकडे दिली. त्यातून निघालेल्या 'सूर्यास्त' या चित्राची २०२० मध्ये भारतात यंत्राला सहकर्ता धरून नोंदणी झाली, आणि पुढे कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने एक मसुदा चर्चेसाठी मांडला. यंत्र शिकवायला कायदेशीररीत्या उपलब्ध असलेले कोणतेही काम वापरता यावे, पण त्यासाठी कंपन्यांनी मानधन भरावे आणि ते एका मध्यवर्ती संस्थेमार्फत हक्कधारकांत वाटले जावे, असा त्याचा गाभा आहे. या मसुद्याचा मराठीशी संबंध एका उदाहरणाने पाहू. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे या नियमाने 'दीपावली' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवरील त्यांच्या चित्रांचा हक्क २०३१ अखेरपर्यंत शाबूत राहतो. अशा चित्रांच्या प्रती वर्णनांसह महाजालावर कुठे कुठे पसरल्या आहेत, त्यांचा वारसदार कोण, आणि वाटपाच्या यादीत त्यांचे नाव कोण घालणार, हे शोधून काढण्याचे काम आता मराठी प्रकाशकांनी, नियतकालिकांनी आणि चित्रकारांच्या कुटुंबीयांनी हाती घ्यायचे आहे.